लेट्यूसची हजेरी

आमच्या घरात खोटं बोलायची सुरुवात अण्णांनी केली, आणि तीही एका पालेभाजीवरून. ती प्रथा मी पुढे चालवली. आईला यातलं काहीच माहीत नव्हतं, म्हणून सगळ्यांत मोठा घोटाळा तिच्या हातून झाला. परवा नातसून बाजारातून प्लास्टिकच्या डबीत लेट्यूस घेऊन आली आणि "आजी, हे धुतलेलं असतं, नुसतंच खायचं," असं मला समजावून सांगू लागली. मी मुकाट्याने एक पान तोंडात टाकलं. चव तीच, म्हणजे जवळजवळ नाहीच. एवढ्या बेचव वस्तूपायी मी एक अख्खा हिवाळा जीव मुठीत धरून काढला होता, हे तिला सांगून पटलं नसतं. म्हणून इथे लिहून ठेवते आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील. इंदूर संस्थानच्या बागखात्यात ते बावीस वर्षं हेडक्लार्क होते. कोणत्या बागेत किती गुलाब, कोणत्या बंगल्यावर किती टोपल्या भाजी गेली, कोणता माळी किती वाजता आला, हे सगळं त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात वह्यांमध्ये उतरत असे. बागेत मात्र ते स्वतः कधी उतरले नाहीत. जोडे मळू नयेत म्हणून फरसबंदीवरून चालत आणि गेटाशी टेबल टाकून बसत. रोपांची नावं त्यांना अकारविल्हे पाठ होती, पण समोर रोप धरलं की ते आधी वहीकडे बघत. रामबागेतल्या आमच्या भाड्याच्या घरामागे लांबट अंगण होतं आणि तिथे आईचं राज्य असे: मोरीच्या पाण्यावर अळू, कुंपणाला वाल, भिंतीकडच्या वाफ्यात चाकवत आणि मुळे. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की आई उठून त्या भाजीला पाणी घाली, मग शेजारच्या टांगेवाल्याची घोडी फुरफुरे, मग अण्णांचा खाकरा ऐकू येई आणि घर सुरू होई. न्याहारीला पोहे, पोह्यांवर शेव. दुपारी आमटी, आमटीतही शेव. पुण्याकडचे पाहुणे ते बघून नाक मुरडत आणि जाताना शेवेचा पुडा बांधून नेत. अंगणातली भाजी ताटात आलेली अण्णांना चाले. ती कुठून आली याची चौकशी त्यांनी कधी केली नाही.

मग संस्थान गेलं आणि मध्यभारत हे नवं राज्य आलं. ग्वाल्हेर आणि इंदूर या दोन सवतींना एका घरात नांदवायचं, म्हणून तोडगा निघाला: हिवाळ्यात राजधानी ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला. दिवाळी झाली की कचेऱ्या ट्रंकांमध्ये बसून ग्वाल्हेरला जात आणि होळीनंतर तशाच परत येत. माझा अर्ज कुठे आहे असं कुणी विचारलं की "गाडीत आहे" असं उत्तर मिळे, आणि पुष्कळदा ते खरंही असे. बागखातं शेतीखात्यात बुडालं. माणसं जास्त झाली. जास्तीच्या माळ्यांची यादी करायचं काम अण्णांकडे आलं आणि त्यांनी ती सुरेख अक्षरात केली. काही महिन्यांनी जास्तीच्या कारकुनांची यादी निघाली, तीत अण्णांचं नाव होतं. ती दुसऱ्या कुणी लिहिली होती. "अक्षर बघवत नाही," एवढंच अण्णा घरी येऊन म्हणाले, आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

जास्तीच्या कारकुनांना नवे साहेब एकेक करून बोलावून घेत होते. साहेब ग्वाल्हेरचे, पण मराठीच. जाडजूड, चांगल्या घरचे, आणि शेतीखात्यात आल्यामुळे आता आपल्याला शेती कळते असं मानणारे. त्यांनी अण्णांना विचारलं, "तुम्ही बागखात्यातले. काय काय लावलंत आजवर?" अण्णा गडबडले. वहीतली सगळ्यांत भारदस्त नोंद त्यांना आठवली आणि ते म्हणाले, "लेट्यूस, साहेब."

"स्वतः?"

"हो साहेब. बियांपासून."

"म्हणजे घरीही लावत असाल."

आता 'हो' म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. साहेब खूश झाले. म्हणाले, "रथसप्तमीनंतर माझा इंदूरचा दौरा आहे. घरी येऊन बघतो. लावणारा माणूस असलात तर इथली बागेची जागा तुमची. नुसते लिहिणारे असलात तर भिंडला एक लिहिणारा पाहिजेच आहे."

आईला अण्णांनी 'कदाचित भिंडला बदली होईल' एवढंच सांगितलं. भिंडचं नाव ऐकून आईने पहिल्यांदा बंदुका आणि दरोडेखोर काढले. मग तिने शांतपणे पुढचं सांगितलं, "तिकडे मुलींची पुढची शाळा नाही, असं लोक म्हणून राहिलेत. शालूला देवासला माझ्या भावाकडे ठेवू. वहिनीच्या नात्यात एक मुलगा आहे, एकदम सीधा. बघायला काय हरकत आहे?" शालू म्हणजे मी. मी तेव्हा आठवीत होते, गणितात पहिली येत होते, आणि आमच्या बाईंसारखं खडूने फळ्यावर मोठं वर्तुळ काढायचं एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती. मला शाळा सोडायची नव्हती. त्या सरळ मुलाचं मला काही वाकडं करायचं नव्हतं, पण शाळा सोडायची नव्हती.

लेट्यूसचं खरं प्रकरण अण्णांनी घरात फक्त मला सांगितलं, कारण वाफा आखताना दोरीचं दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं होतं. "आईला बोलू नकोस. कचेरीतल्या गोष्टी बायकांच्या कानावर घालू नयेत," असं त्यांनी मला बजावलं. मी बायकांत मोडत नव्हते बहुतेक. महूच्या छावणीतल्या दुकानातून त्यांनी बियांचं पाकीट आणलं होतं. पाकिटावर हिरवागार गड्डा आणि आत जिऱ्याला उपाशी ठेवलं तर होईल तसलं बी. अण्णांनी जुनी टिपणं काढली. त्यांत लेट्यूसबद्दल सगळं होतं: किती टोपल्या, कोणत्या बंगल्यावर, कोणाच्या सहीने. ते लावतात कसं हे मात्र नव्हतं, कारण ते हेडक्लार्कला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. तेव्हा अण्णांनी वालाची खोली लेट्यूसला लागू केली. दोन बोटं खोल चोवीस खड्डे, माझ्या शाळेच्या पट्टीने मोजलेल्या अंतरावर, प्रत्येकात तीन बिया, वर माती, आणि माती तळव्याने गच्च दाबलेली. तेलाचा डबा कापून त्यांनी चोवीस पत्र्याच्या पाट्या केल्या आणि त्यांवर आकडे रंगवून त्या वाफ्यात रोवल्या. मग एक कोरी वही माझ्या हातात दिली. पहिल्या पानावर लिहिलं होतं: हजेरीपट, लेट्यूस.

"रोज सकाळी सातला हजेरी घ्यायची," अण्णा म्हणाले. "दर रविवारी मला ग्वाल्हेरला पोस्टकार्ड." आमच्या हवेत लेट्यूस हिवाळ्यातच येतं, आणि हिवाळ्यात सरकार ग्वाल्हेरला. म्हणजे इंदुरात लेट्यूस असताना अण्णा नसणार, आणि अण्णा असताना लेट्यूस नसणार. ही अडचण त्यांनी हजेरीपटाने सोडवली होती. दुसऱ्या दिवशी ट्रंक घेऊन ते गेले.

मी रोज सकाळी सातला वही घेऊन वाफ्याशी उभी राहू लागले. चोवीस पाट्या मला बघत, मी त्यांना बघे. आठ दिवसांत मातीला तडासुद्धा गेला नाही. रविवारी पोस्टकार्ड समोर घेतलं तेव्हा अण्णा डोळ्यांपुढे आले: परगावी दुसऱ्याच्या खोलीत, स्टोव्हवर स्वतःची खिचडी करणारे. त्यांना काय कळवायचं? मी लिहिलं, "चोवीसपैकी एकोणीस हजर." पाच मुद्दाम गैरहजर ठेवले. सगळेच हजर दाखवले की संशय येतो हे मला कुणी शिकवलं नव्हतं, रक्तातच असावं. उलट टपाली विचारणा आली, "क्र. ११ गैरहजर का? कारण कळव." मी कळवलं, "मुंग्या." रोज खोटं लिहायला सकाळी उठायची गरज नसते, हे लक्षात आल्यावर मी वही सवडीने भरू लागले. तिसऱ्या आठवड्यापर्यंत माझ्या पोस्टकार्डांत प्रत्येक रोपाला चार-चार पानं आली होती. वाफ्यात धूळ होती. आई म्हणे, "हे पाट्यांचं कबरस्तान किती दिवस ठेवून राहिलीस? काढ ते, मी कोथिंबीर टाकते."

शेवटी मी गेंदालालकडे गेले. गेंदालाल बागखात्यातला जुना माळी. अण्णांचा डबा द्यायला लहानपणी जात असे तेव्हा तो मला एखादं फूल देई. आता तो मारुतीच्या देवळाबाहेर झेंडूचे हार विकत बसे, आणि आई त्याच्याकडूनच फुलं घेई. मी सगळं सांगितलं. तो हार ओवता ओवता ऐकत होता.

"कित्ता नीचे डाला?"

"दो उँगल."

त्याच्या हातातली सुई थांबली. "गाड़ दिया? अरे बेटी, सलाद का बीज है, कोई मुर्दा थोड़ी है! उसको उजाला दिखेगा तो उठेगा." मग जरा थांबून त्याने विचारलं, "बाबूसाब ग्वालियर में हेंगे?"

"हो."

"तो कल आता हूँ."

दुसऱ्या दिवशी फुलं खपल्यावर तो आला. त्याने एक पसरट खोकं घेतलं, माती आणि जुनं शेणखत आईच्या पिठाच्या चाळणीतून चाळलं (ही गोष्ट आईला शेवटपर्यंत कळली नाही), पाणी आधी दिलं, आणि मग भाजीवर मीठ टाकावं तसं चिमटीतून बी वर नुसतं भुरभुरलं. झाकायला मातीची जेमतेम धूळ. खोकं भिंतीच्या सावलीत, कडेला ओलं गोणपाट. पाणी घालायचं तर बोटांनी शिंपडायचं, देवावर शिंपडतात तसं. चौथ्या दिवशी सकाळी खोक्यात हिरवे ठिपके होते. इतके बारीक, की मी नाक मातीला लावून पाहिलं. आणि तिथेच बसून रडले. आजवर इतक्या गोष्टी उगवताना बघितल्या, मुलं-नातवंडंसुद्धा, पण तसं रडू पुन्हा आलं नाही.

रोपं चार पानांची झाल्यावर गेंदालालने ती एकेक उचलून पाटीपाटीशी लावून दिली. तेव्हा त्याने वही पाहिली आणि हे काय म्हणून विचारलं. मी सांगितलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

"पत्तों की भी हाज़री!" मग त्याने डोळे पुसले आणि सांगितलं, "एक बार ऐसी ही कड़क ठंड थी. ये ही सलाद लगी थी रसोई वाले बगीचे में. रात को घास ढाँकी, सुबे सूरज निकलते ही हटानी पड़ती हे, नी तो पत्ता जल जाए. मैं अँधेरे से वहीं था. सात बजे बाबूसाब ने गेट पे नाम पुकारा. मैं बगीचे के उस छोर पे, कैसे सुनूँ? आधा दिन गैरहाज़िर लिख दिया. मैंने जाके हाथ दिखाए, माटी लगी थी. बाबूसाब बोले, हाज़री गेट पे होती हे."

मी अकरा नंबरच्या पाटीवरची माती पुसू लागले.

"फिर लिस्ट बनी. जिसके नाम पे गैरहाज़री, वो पेले कटा." तो हे झेंडूचा भाव सांगावा तसं सांगत होता. "बेटी, इस किताब में मेरी एक हाज़री लिख दे. आधे दिन की बाकी हे."

मी घाबरले. वही अण्णा बघणार. त्यात गेंदालालचं नाव दिसलं की पहिली पेरणी बुडाल्याचं बाहेर येणार, आणि माझी एकोणीस हजर रोपंही. मी म्हटलं, "बाद में लिखूँगी." त्याने मान हलवली. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही, आणि मी लिहिलंही नाही. या एका गोष्टीची लाज मला अजून वाटते.

आता मात्र वेगळीच पंचाईत झाली. पोस्टकार्डांतली रोपं खऱ्या रोपांच्या महिनाभर पुढे निघून गेली होती. मग मी पोस्टकार्डांतली वाढ थांबवली आणि खरी रोपं गाठेपर्यंत वाट बघत राहिले. ग्वाल्हेरहून पत्र, "वाढ खुंटली? कारण कळव." मी कळवलं, "थंडी." संक्रांतीच्या सुमारास दोन्ही लेट्यूसं बरोबरीला आली. चोवीस गड्डे, पोपटी, कडेला झालर असलेले, सकाळच्या उन्हात बघत राहावेत असे. रामबागेतल्या बायका अंगणात येऊन बघून जाऊ लागल्या. "वहिनी, हा विलायती कोबी का?" असं विचारू लागल्या. आई आधी वैतागली, मग तिला ते आवडू लागलं, आणि मग ती स्वतःच लोकांना बोलावून दाखवू लागली. तेव्हाच मी तिला खरं सांगायला हवं होतं.

आईचं हळदीकुंकू दरवर्षी रथसप्तमीला, म्हणजे अगदी शेवटच्या दिवशी असे. संक्रांतीपासून हळदीकुंकवाला येणाऱ्या सवाष्णींना काहीतरी वाण लुटायचं असतं, आणि कुणी काय लुटलं यावर पुढचं वर्षभर बोललं जातं. त्या वर्षी समोरच्या कर्णिकवहिनींनी जर्मन सिल्व्हरच्या वाट्या लुटून सगळ्यांची तोंडं बंद केली होती. आईने बोरं, ऊस आणि हरभऱ्याचे डहाळे आणून ठेवले होते. मी शाळेत होते. पुढे जे झालं ते तिच्याच तोंडून ऐकलं. कर्णिकवहिनी मागच्या दारी उभ्या राहून वाफा बघत हसत म्हणाल्या, "यंदा काय लुटताय वहिनी? हाच का तुमचा विलायती कोबी?" आणि आईच्या तोंडून निघून गेलं, "हो, हाच!"

मी शाळेतून आले तेव्हा वाफ्यात चोवीस पाट्या होत्या, आणि बाकी काही नव्हतं. तेवीस बायका आल्या होत्या. आईने तेवीस गड्डे मुळांसकट उपटले, पुसले, हळदकुंकू लावून एकेकीच्या ओटीत घातले.

"आई, हे काय केलंस! अण्णांचा साहेब येणारे, परवा!"

"मग येऊ दे ना. मी त्याला श्रीखंड करून राहिले. साहेब काय आपल्याकडे पाला खायला येणार आहे?"

मग मी तिला सगळं सांगितलं. साहेब काय बघायला येणार, लेट्यूस दिसलं तर बागेची जागा, नाही तर भिंड, सगळं. ती चुलीपुढच्या पाटावर बसली. बराच वेळ तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "मला कोणी सांगितलं का?" ती म्हणाली. "तीन महिने घरात हे चाललंय. मला कोणी सांगितलं का?" वाण परत मागायचं तर अपशकुन. तरी मी संध्याकाळी चार घरं फिरून आले. कर्णिकवहिनींनी पीठ पेरून भाजी केली होती आणि ती कडू झाली म्हणून आईलाच नावं ठेवत होत्या. दुसऱ्या घरी भजी. तिसऱ्या घरचा गड्डा टांगेवाल्याच्या घोडीने खाल्ला होता, आणि माझ्या मते योग्य माणसाला पोचलेला तो एवढाच. चौथ्या घरी मी दारातूनच परतले. चोविसावा गड्डा आमच्या देवघरात होता. आईने तो देवापुढे ठेवला होता आणि आता तो हळदीकुंकवाखाली मान टाकून पडला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णा ग्वाल्हेरहून आले. साहेब चार वाजता येणार होते. अण्णा ट्रंक पडवीत ठेवून, कोट न काढता थेट मागे गेले. मी पाठोपाठ गेले. ते वाफ्यापुढे उभे राहिले. मग पालथ्या बादलीवर बसले आणि म्हणाले, "वही आण."

मी वही आणली. त्यांनी ती पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. मी आईच्या वाणाचं सांगितलं, त्यांनी ते ऐकलं की नाही कळलं नाही. एका पानावर त्यांचं बोट थांबलं.

"हे सोळा दिवस तू एका बैठकीत लिहिलेस."

मी एक पाऊल मागे सरकले.

"शाई एक, टाक एक, अक्षराचा उतार एक. रोजची हजेरी अशी दिसत नाही. कधी हात गारठलेला असतो, कधी शाई पातळ होते." त्यांनी चष्मा काढला. "घाबरू नकोस. मला ओळखू येते, कारण मीही अशीच लिहीत असे. पावसाळ्यात तर महिन्या-महिन्याची एकदम."

मग मी पहिल्या पेरणीपासून सगळं सांगून टाकलं. दोन बोटं, मुंग्या, गेंदालाल, खोकं, चाळणी. आणि सांगून झाल्यावर विचारलं, "अण्णा, मग त्याचा तो अर्धा दिवस?"

अण्णांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. "तो मात्र मी त्याच दिवशी लिहिला होता," ते म्हणाले. "सात वाजता. गेटावर बसून."

साहेब चारला आले ते घामाघूम आणि कंटाळलेले. श्रीखंडाला नको म्हणाले नाहीत. मग अंगणात आले. रिकाम्या वाफ्याकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. भिंतीकडे आईचा चाकवत भरघोस वाढला होता, साहेब सरळ तिकडे गेले आणि छडीने दाखवत म्हणाले, "वा! हेच ते. काय जोमदार आलंय हो तुमचं लेट्यूस!"

मी आईकडे बघितलं, आईने माझ्याकडे. आम्हा दोघींच्या मनात एकच होतं: अण्णा, गप्प राहा. फक्त गप्प राहायचं होतं. माझी शाळा, आईचं घर, देवासचा तो सरळ मुलगा, सगळं अण्णांच्या न बोलण्यावर होतं, आणि साहेबापुढे न बोलण्याची त्यांना बावीस वर्षांची सवय होती. मी मनातल्या मनात मारुतीला झेंडूचा हार बोलले.

"नाही साहेब," अण्णा म्हणाले. "तो चाकवत आहे."

"काय?"

"चाकवत. आम्ही ताकातला करतो." आणि मग बांध फुटल्यासारखे ते बोलत सुटले, "लेट्यूस मी कधी लावलं नाही साहेब. बावीस वर्षं नुसतं लिहिलं. हे या मुलीने लावलं होतं. गेंदालाल म्हणून माळी आहे, त्याने शिकवलं. त्याला आम्ही जास्तीच्या यादीत काढला. यादी माझ्याच हातची आहे."

साहेबांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, गोंधळ होता. ते चाकवताकडे बघत राहिले. "मग सकाळपासून तीन घरी मी काय बघितलं?" त्यांनी विचारलं. साहेबांना लेट्यूसची आवड आहे ही बातमी यादीतल्या इतर कारकुनांपर्यंतही पोचली होती, आणि चाकवत तर सगळ्यांच्याच अंगणात असतो. शेवटी ते म्हणाले, "लेट्यूस दाखवा तरी एकदा." आई देवघरात गेली आणि तो कोमेजलेला गड्डा तबकात घालून घेऊन आली. त्याच्यावरचं हळदकुंकू बघून साहेबांनी सवयीने हात जोडले.

बागेची जागा पुढे त्या तिघांपैकी एकाला मिळाली. त्याच्या फायलीत कागद पुरे होते. अण्णांच्या कागदावर साहेबांनी शेरा मारला, "यांना लेट्यूस लावता येत नाही, परंतु ओळखता येते," आणि त्यांना इंदूरच्या बियांच्या गोदामावर टाकलं, कारण ओळखणारं खात्यात दुसरं कुणी सापडलं नव्हतं. माझी शाळा राहिली. पुढे मी फळ्यावर पुष्कळ वर्तुळं काढली. गेंदालालला परत घ्यावं म्हणून अण्णांनी अर्ज केला. तो अर्ज कचेरीबरोबर कितीतरी हिवाळे ग्वाल्हेरला गेला आणि कितीतरी उन्हाळे इंदूरला आला. मंजुरी आली तेव्हा मध्यभारतच उरलं नव्हतं, आणि गेंदालालही.

पण हे सगळं नंतरचं. साहेब येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, भोंगा व्हायच्या आत, अण्णांनी मला उठवलं. त्यांच्या काखेत ती वही होती. आम्ही देवळाकडे गेलो. गेंदालाल टोपली उतरवत होता. अण्णांना बघून तो उठून उभा राहिला, जुन्या सवयीने. अण्णांनी त्याला बसायला सांगितलं आणि स्वतःही तिथे धुळीत बसले, कोटासकट. वहीचं शेवटचं पान उघडलं, खिशातून फाउंटनपेन काढलं आणि सावकाश लिहिलं. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि वही त्याच्यापुढे धरली.

"क्या लिखा, बाबूसाब?"

"तुम्हारी हाज़री. पूरा दिन."

गेंदालाल पानाकडे बघत राहिला. त्याला अक्षर येत नव्हतं. त्याने एकदा अण्णांकडे बघितलं, आणि मग अण्णांच्या हातातून वही घेऊन ती माझ्याकडे दिली.

"बेटी, तू पढ़ के बता," तो म्हणाला. "तू झूठ नी बोलेगी."

अण्णांनी मान खाली घातली. मीही घातली, पण मला वाचायचं होतं. त्या वहीतली सोळा दिवसांची खोटी हजेरी माझ्या हातची होती. ती पानं उलटून मी शेवटच्या पानावर आले आणि तिथे होतं ते मोठ्याने वाचलं, "गेंदालाल, माळी. हजर."